हलवा की हटवा

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. कपाळावर घडी ठेवतात ती नव्हे, मास्तरांच्या हातातली तर नव्हेच नव्हे. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्याच्या अगदी वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची जी करडी पट्टी दिसते, ती मी. डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये ज्याला जे हवे ते. तुम्ही रोज माझ्यावर टिचक्या मारता आणि माझ्याकडे धड बघतही नाही. असो. आभार मागायला मी आलेले नाही. मी थकले आहे, आणि थकलेल्या जिवाला गोड बोलणे जमत नाही. जसे येईल तसे सांगते.

मला घडवणारी माणसे मी पाहिलेली नाहीत. कुठेकुठे दूर बसून, पोटापाण्याचे काम उरकल्यावर, फुकटात त्यांनी मला लिहिले. त्यांनी माझ्यात एक गुण घातला: ज्याला जशी हवी तशी मी होते. बटणे इकडची तिकडे करा, नवी लावा, जुनी काढा, मला खाली न्या, उभी करा, लपवा. माझे कौतुक झाले ते या गुणामुळे, आणि माझे हाल झाले तेही या गुणामुळेच.

मी नांदायला आले ती ब्रेस्ता गावच्या वाचनघरात. बल्गेरियाच्या वायव्य कोपऱ्यातले गाव. शाळा बंद, दवाखाना बंद, पावाची भट्टी बंद. तरणी माणसे कुणी स्पेनला संत्री तोडायला, कुणी जर्मनीत परक्या म्हाताऱ्यांना भरवायला गेलेली. आपापले म्हातारे मागे ठेवून. उघडे काय होते? दारूचा गुत्ता आणि वाचनघर. वाचनघरात पुस्तकांची कपाटे, नाटकापुरता मंच, लाकडे जाळायची शेगडी आणि खिडकीखाली आमचा कॉम्प्युटर. हे सगळे एकटीने सांभाळायच्या इस्क्राकाकू. पुस्तके त्यांनीच द्यायची, शेगडी त्यांनीच पेटवायची, छत गळले की बादलीही त्यांनीच ठेवायची.

अख्ख्या गावात कॉम्प्युटर एक, त्यामुळे पट्टीही एकच. मग काय विचारता! कोरसमध्ये गाणाऱ्या बायकांना कुणाचा नामदिवस, म्हणजे ज्याच्यावरून नाव ठेवले त्या संताचा दिवस, कधी ते सांगणारे कॅलेंडर हवे. मधमाश्या पाळणाऱ्या तोंचोदादांना हवामान हवे, आणि तेही मधोमध.

“पाऊस येणार की नाही हे कळल्याशिवाय मला पेट्या उघडता येत नाहीत,” तोंचोदादा म्हणायचे.

“मग माश्यांना विचारा की,” काकू म्हणायच्या. “त्या तुमच्यापेक्षा शहाण्या आहेत.”

“त्या बडबडत नाहीत म्हणून शहाण्या. तुझं तसं नाही.”

सकाळी कॅलेंडर मधोमध असायचे, दुपारी तिथे ढग यायचा, संध्याकाळी पुन्हा कॅलेंडर. एकदा तोंचोदादांचा हात कशावर तरी पडला आणि मी लपले. ‘आपोआप लपवा’ असा माझा एक पर्याय आहे, त्याला मी काय करणार? पण बायका हबकल्या. “दृष्ट लागली यंत्राला,” म्हणून एकीने माझ्या डोक्यावर, म्हणजे पडद्यावर, लसूण लटकवला. काकूंनी माऊस सहज वर नेला तशी मी बाहेर आले. लसणाचे नाव झाले, माझे नाही.

या सगळ्यात नेदाआजी आल्या.

आजींच्या डोळ्यांचे असे होते की समोरचे दिसायचे नाही, कडेचे तेवढे दिसायचे. ज्याच्याकडे बघावे तिथे धुके. त्यांची एकुलती एक मुलगी स्टान्का स्पेनमध्ये संत्र्यांच्या बागांत. मोबाईलची रेंज टेकडीवर, आणि आजींचे गुडघे त्यांना टेकडी चढू देत नव्हते. लेकीशी बोलायचे तर एकच ठिकाण, वाचनघर. आणि आजींची एकच मागणी: “दुसऱ्यानं लावून दिलेलं नको. माझं मी लावीन. लेक माझी आहे.”

काकू माझ्यापुढे बसून राहिल्या. माऊसचा बाण आजींना दिसणार नव्हता, बटणावरची अक्षरे तर लांबच. आणि मग त्यांना ती गोष्ट सुचली, जी मला घडवणाऱ्यांनी माझ्यात घातली होती आणि गावात कुणीच वापरली नव्हती. मी पडद्याच्या कडेला असते. कडेला बाण आपटतो आणि थांबतो, पुढे जाऊच शकत नाही. कोपऱ्यात तर दोन्हीकडून अडतो. म्हणजे कोपरा शोधायला डोळे लागतच नाहीत. काकूंनी माझ्या डाव्या कोपऱ्यातला मेनू उचलून पलीकडे ठेवला आणि तिथे एक बटण बसवले: दाबले की थेट स्टान्काला हाक.

“आजी, माऊस वर ढकला. अजून. आता डावीकडे. पोचलं?”

“काय पोचलं? मला काय दिसतंय?”

“ढकलत राहा. ढकलून संपलं की पोचलं.”

“अगं बाई, हे तर आमच्या गाढवासारखं. भिंत लागली की उभं.”

“दाबा आता.”

आणि खोलीभर आवाज आला, “आई?”

मित्रांनो, मी पुष्कळ बटणे बाळगली. पण ‘माझा उपयोग झाला’ असे मला वाटले ते त्या दिवशी. आजी पडद्याकडे तिरक्या बसायच्या, म्हणजे लेकीचा चेहरा नजरेच्या कडेला यायचा. बाहेरच्याला वाटले असते, म्हातारी रुसून भिंतीकडे तोंड करून बसली आहे. ती भिंतीकडे बघून लेकीला डोळे भरून पाहत असायची.

आता चुकीचे सांगते. तोंचोदादांना ढग जरा डावीकडे हवा होता आणि आजींचे बटण थोडे सरकवावे असे त्यांच्या मनात आले. वाईट हेतू काही नव्हता. माऊसचे उजवे बटण दाबले की माझी एक यादी खाली उघडते. तिच्यात एकाखाली एक दोन शब्द आहेत. हलवा. हटवा. जुळे भाऊ शोभावेत असे. पण स्वभाव बघा. ‘हलवा’ म्हटले की वस्तू तुमच्या बोटाला चिकटते आणि तुम्ही तिला नवी जागा देईपर्यंत सुटत नाही. ‘हटवा’ म्हटले की ती जाते. कुठे जाते ते मलाही माहीत नाही.

दादांचा चष्मा पेट्यांवर राहिला होता. त्यांनी दाबले ‘हटवा’. मी विचारले, ‘खात्री आहे का?’ मी नेहमी विचारते. “खात्री असल्याशिवाय दाबलं का?” असे पुटपुटत त्यांनी ‘होय’ दाबले. बटण गेले आणि सगळी रांग एकेक घर डावीकडे सरकली. कोपऱ्यात येऊन बसला ढग.

दुपारी आजी आल्या. वर ढकलले, डावीकडे ढकलले, भिंत लागली, दाबले. हवामान उघडले. आजी तिरक्या बसल्या.

“स्टान्के? अशी पांढरीफटक का दिसतेस गं? आजारी आहेस?”

कुणी बोलेना.

“बोल की. रागावलीस माझ्यावर?”

आजी ढगाशी बोलत होत्या. कोरसच्या बायका एरवी कशालाही हसतात. त्या दिवशी कुणी हसले नाही. तोंचोदादा टोपी काढून उभे राहिले. “नेदावहिनी, तिला काही झालेलं नाही. माझ्या हातून गेलं ते. हलवा दाबायचं ते हटवा दाबलं.”

“हलवा असता तर खाल्ला तरी असता, मेल्या,” आजी म्हणाल्या. पण कोपऱ्यातले ते बटण त्या पुन्हा पुन्हा दाबत होत्या. ते मी जवळून पाहिले. माऊस त्यांच्या हाताखालीच होता.

काकूंनी बटण नव्याने बसवले. या वेळी त्याला चित्र दिले: लाल आणि पांढरा गोंडा, मार्चच्या पहिल्या दिवशी आम्ही मनगटावर बांधतो तसा. तो गोंडा वसंतात परतलेला पहिला करकोचा दिसेपर्यंत ठेवायचा आणि मग मोहरलेल्या झाडाला बांधून मोकळे व्हायचे. माझा गोंडा मात्र बारा महिने तसाच.

“या कॉम्प्युटरला करकोचा दिसणार कधी?” दादांनी विचारले.

“गेलेले परत येतील तेव्हा,” काकू म्हणाल्या. आणि त्यांनी मला कुलूप लावले. आता पासवर्डशिवाय माझ्यावरचे काहीही हलणार नव्हते, काहीही हटणार नव्हते. मला वाटले, चला, आता विसावा.

विसावा कसला! हिवाळ्याच्या तोंडावर तालुक्याच्या नगरपालिकेतून ल्युबेनसाहेब आले. संस्कृती विभागाचे. लोकांना मंचासमोर बसवून ते गोड गोड बोलले. ब्रेस्ताचे वाचनघर बंद वगैरे होत नाही, फक्त हलवत आहोत. तालुक्याच्या ग्रंथालयात. तिथे गरम खोल्या आहेत, नव्या खुर्च्या आहेत.

“गाव पण हलवणार का?” काकूंनी विचारले.

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“भरात नाही, शेगडीपाशी बसून बोलतेय. पुस्तकं तालुक्याला जातील. नेदाआजी कशा जातील? बस बाजाराच्या दिवशी येते, मनात असलं तर.”

“त्याचा विचार पुढच्या टप्प्यात होईल.”

तेव्हा तोंचोदादा उठले. “साहेब, हलवा आणि हटवा यातला फरक मला विचारा. मी एकदा घोटाळा केलाय. पण माझा चष्मा पेट्यांवर राहिला होता. तुमचा तर नाकावर आहे!”

लोक हसले. साहेबही हसले. सही करताना त्यांना कुणी विचारले नाही, ‘खात्री आहे का?’ माणसांच्या कागदांना ती सोय नाही. एका पट्टीला आहे, कागदाला नाही. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

टेम्पो आला. पुस्तके पोत्यांत भरली, बटाटे भरावेत तशी. मला आणि माझ्या पडद्याला घोंगडीत गुंडाळले. जाताना आजी दारात उभ्या होत्या, त्यांच्या पद्धतीने तिरक्या. त्यांना टेम्पो तेवढा दिसला असेल, कडेने जाणारा.

तालुक्याच्या ग्रंथालयात मी आता बसले आहे. खोली गरम आहे, खुर्च्या नव्या आहेत, त्यात खोटे नाही. पण इथल्या प्रत्येकाचा हात मेनू शोधायला डाव्या कोपऱ्यात जातो. सवयच असते. गोंडा दाबला जातो आणि तिकडे स्पेनमध्ये बागेत, नाहीतर बागेतून परतताना, स्टान्का फोन उचलते.

“आई?”

“अं... सॉरी. चुकून लागला.”

पहिल्यांदा तिने पुन्हा पुन्हा ‘आई’ म्हणून पाहिले. नंतर तिला कळले. तरी ती उचलते. न उचलून चालेल का? एखादी हाक खरी निघाली तर? आता ती परक्यांना विचारते, “तिकडे बर्फ पडलाय का? ब्रेस्ताचा रस्ता चालू आहे का?” कुणी सांगतात, कुणी घाईने बंद करतात.

इथल्या तंत्रज्ञाने गोंडा काढायचा खूप प्रयत्न केला. कुलूप निघेना. त्याने इस्क्राकाकूंना फोन लावला. टेकडीवर होत्या, म्हणून लागला.

“बाई, पासवर्ड काय आहे?”

“विसरले.”

“आठवा ना जरा.”

“आठवेल की. वाचनघर उघडलं की लगेच आठवेल.”

मग त्याने ठरवले, सगळेच पुसून नव्याने भरायचे. सोमवारी पुसणार आहेत, तशी चिठ्ठी पडद्याखाली चिकटवली आहे. मी, गोंडा, ढग, नामदिवस, सगळे. मला भीती नाही. पट्टी पुसली तर दुखत नाही. पण काल बाजाराचा दिवस होता. बस काही आली नाही. आली तोंचोदादांची खडखडती गाडी, मागे रिकाम्या पेट्या, पुढे नेदाआजी, मांडीवर फडक्यात बांधलेली बानित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेली पोळी, लेकीला पडद्यावरून दाखवायला. काउंटरवरच्या बाईंनी विचारले, “सभासद आहात का?” दादा म्हणाले, “हा कॉम्प्युटर यांच्या घरातला आहे. तो तुमच्याकडे पाहुणा आलाय.” बाईंना काय वाटले कोण जाणे, त्यांनी खुर्ची ओढून दिली.

आजी बसल्या. माऊस वर ढकलला. डावीकडे ढकलला. भिंत लागली. दाबले.

“‘सॉरी, चुकून लागला’ म्हणा आणि ठेवा,” स्टान्काचा थकलेला आवाज आला. या वेळी तिने ‘आई’ म्हटलेच नाही. थकते माणूस.

आजी तिरक्या झाल्या. “चुकून नाही गं. मीच आहे. मला फक्त हलवलंय, अजून हटवलं नाही.”

पलीकडून रडण्याचा आवाज येत राहिला आणि आजी भिंतीकडे बघत तिला पाहत राहिल्या. काउंटरवरच्या बाई केव्हाशा मागे येऊन उभ्या होत्या. “हे सोमवारी पुसणार आहेत?” त्यांनी विचारले. दादांनी चिठ्ठीकडे बोट दाखवून मान डोलावली.  बाई तंत्रज्ञाला थांबायला सांगतील की नाही, मला ठाऊक नाही. खोटा दिलासा मी देणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. तुमच्याही हातात कुणाची शाळा येईल, कुणाचे घर, कुणाची म्हातारी. बदल करू नका असे मी म्हणत नाही. माझा तर जन्मच बदलण्यासाठी झाला. पण एखादी गोष्ट हलवायची म्हणून उचललीत, तर माझ्याकडून एवढे शिका: तिला नवी जागा मिळेपर्यंत हात सोडू नका.