चष्म्याच्या वाटणीचा घास

मित्रांनो, माझं वय अवघं दोन वर्षांचं. पण माझ्या जातीत दोन वर्षांत म्हातारपण येतं, म्हणून मी स्वतःला जुनाच म्हणवतो. मी डोळ्यांवर बांधायचा हेडसेट आहे. मला घातलं की समोरची खोली दिसतेच, शिवाय त्या खोलीत नसलेलं जंगल दिसतं, समुद्रही दिसतो. आमच्या चौसाळा गावात मात्र मला सगळे 'बबनरावांचा चष्मा' म्हणतात. मलाही तेच नाव आवडतं. कारखान्यात ठेवलेलं नाव लांबलचक होतं आणि त्यात माया नव्हती.

आमच्या घराण्यातली मी पहिली पिढी. पहिल्या पिढीचं कौतुक फार आणि खोडीही फार. किंमत अशी की तेवढ्यात चार दुभत्या म्हशी दावणीला आल्या असत्या. वजन असं की तासाभरात मान आखडते. भूक तर विचारूच नका, दोन तासांत बॅटरी रिकामी. बबनरावांचा मुलगा सत्यम पुण्यात नोकरीला आहे. त्यानं मोठ्या हौसेनं मला घेतलं, पंधरा दिवस मिरवलं आणि मग मानेला बाम चोळत पिशवीत घातलं. गणपतीला गावी आला तेव्हा मला वडिलांकडे ठेवून गेला.

बबनराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. बागायती जमीन, दारात पांढरी जीप आणि ओसरीवर सकाळपासून माणसांचा राबता. त्यांना माझा भारीच अभिमान. आल्यागेल्याला चहाच्या आधी मी मिळू लागलो. शेजारचे आश्रुबा आले तेव्हा तर मजाच झाली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढायला साफ नकार दिला. सोयऱ्याच्या दारात कधी टोपी काढली नाही, ती ह्या डबड्यापुढं कशाला काढू, असं त्यांचं म्हणणं. शेवटी माझा पट्टा टोपीवरूनच ओढला. आत समुद्र सुरू झाला आणि लाट पायाशी येताच आश्रुबांनी चपला काढून हातात घेतल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं. कोरड्या ओसरीवर असे उभे असलेले आश्रुबा पाहून माणसं पोट धरधरून हसली. मीही आतल्या आत हसलो. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी इकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, कोयते अशी ओळ लागली. तिच्या टोकाला पाटावर मी. बबनरावांच्या पत्नी वनमालाबाईंनी ट्रॅक्टरला जेवढं हळदीकुंकू लावलं तेवढंच मलाही लावलं, हात आखडता घेतला नाही. आता ह्यात त्या माउलीचा काय दोष? माझ्या पुढच्या काळ्या काचेत माझे डोळे आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ओली पाच बोटं नेमकी माझ्या डोळ्यांवर उमटली आणि वाळून घट्ट बसली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला पाहुणे आले. बबनरावांनी ऐटीत मला चढवलं आणि त्यांना लालपिवळ्या धुक्याखेरीज काहीच दिसेना. आश्रुबा म्हणाले, "बबनराव, तुमच्या चष्म्याला मोतीबिंदू झालाय." सगळे हसले, पण ह्या वेळी बबनराव हसले नाहीत. एकाला वाटलं काच पुसून बघावी. पण पूजेचं कुंकू पुसत नसतात, ते आपोआप जायला पाहिजे, असं ठरलं. मशीन बाद झालं म्हणून मला एका जुन्या साडीत गुंडाळलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. देव म्हणून पूजलं आणि त्याच पूजेनं आंधळं केलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी कपाट उघडलं. वाड्यावस्त्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातात आणि सहा महिने फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. थंडी तिथं हाडात शिरते. त्यांच्यासाठी वाकळा, म्हणजे जाड गोधड्या, शिवायच्या त्या तुळजाबाईंनी. त्या स्वतः वीस वर्षं ऊस तोडून आलेल्या. पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला डाग पडला होता. कडेकडेनं दिसायचं, मधोमध काळं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता ह्यावर चष्मा नाही की ऑपरेशन नाही. ह्या वर्षी त्यांची लेक रोहिणी तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन फडात जाणार होती. माहेरची वाकळ अर्धी शिवून पडली होती, कारण सुईतला दोरा दिसत नव्हता. दुसरीकडून शिवून घ्या म्हटलं तर तुळजाबाई ऐकत नव्हत्या. निदान ठिगळं तरी जमवावीत म्हणून त्या जुन्या साड्या मागायला आल्या होत्या.

वनमालाबाईंनी फळीवरचं बोचकं तसंच खाली दिलं. तुळजाबाईंनी गाठ सोडली आणि मी घरंगळत त्यांच्या मांडीवर. त्यांना मी दिसलो नाही. त्यांनी मला चाचपलं. बोटांना काचेवर खरखर लागली, माती असेल म्हणून त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि चोळूनचोळून साफ केलं. ज्या बाईला दिसत नव्हतं तिनं माझे डोळे उघडले!

सत्यम त्याच दिवशी सुट्टीवर आला होता. त्यानं मला घालून पाहिलं आणि हसायलाच लागला. चष्मा ठणठणीत होता. मग त्याला आठवलं की माझ्यात एक भिंग आहे, समोरचं काहीही पाहिजे तेवढं मोठं करून दाखवणारं. कुणी कधी ते वापरलंच नव्हतं. त्यानं तुळजाबाईंच्या अंबाड्याखालून पट्टा आवळला आणि भिंग सुरू केलं. मोठं झालेलं चित्र काळ्या डागाबाहेर पसरलं आणि कडेच्या शाबूत नजरेला पुरलं.

तुळजाबाईंनी स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले. कितीतरी वेळ धरले.

"ही माजी बोटं हायती?" त्या हळूच म्हणाल्या. "लई म्हातारी झाली की." आणि लगेच, "सुई द्या बरं."

आता प्रश्न बबनरावांचा होता. एवढी महागाची वस्तू वाकळ शिवायला दिली तर लोक काय म्हणतील, असं ते पुटपुटले. वनमालाबाई साड्यांच्या घड्या घालता घालता एवढंच बोलल्या, "मग कपाटात ठिवायला घेतली व्हती का?" बबनरावांनी स्वतःच ओसरीवर सतरंजी अंथरली.

त्या दिवसापासून ओसरीवर आमची शिवण सुरू झाली. माझी वायरीला लोंबणारी बॅटरी तुळजाबाईंच्या कमरेच्या चंचीत, पानसुपारीशेजारी. दोन तास शिवायचं, मग मी विजेचं जेवायचं आणि त्यांनी मान चोळत चहा प्यायचा. माझ्या वजनाला त्यांनी नावं ठेवली नाहीत. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहिल्यात, हे काय जड, असं म्हणायच्या. टाका धावत होता आणि मी त्याच्या पुढं पुढं बघत होतो. समुद्र दाखवताना एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीचा ट्रक येणार, आणि त्याच सकाळी लाईट गेली. अकरा वाजता वाकळेचा फक्त एक कोपरा राहिला आणि माझा जीव कासावीस झाला. सत्यम म्हणाला, काकू, पाच-सात मिनिटांत हा बंद पडणार. तुळजाबाईंनी शिवणं थांबवलं नाही. "उघड्या कोपऱ्याची वाकळ लेकराला कशी देऊ?" त्या म्हणाल्या.

बबनराव उठले. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. जीपमध्ये पुढच्या सीटपाशी चार्जर होता. पण बबनरावांच्या शेजारच्या त्या सीटवर बसण्यासाठी गावातले पुढारी आपसात भांडायचे. बबनरावांनी स्वतः तिचं दार उघडलं.

"तुळजाबाई, पुडं बसा," ते म्हणाले.

त्या बसल्या. मांडीवर वाकळ, डोळ्यांवर मी, माझी वायर जीपला. भोवती हा हा म्हणता गाव जमलं. ट्रक आला, मुकादम राधाकिशन हॉर्न वाजवू लागला. एरवी त्याच्या हॉर्नला सगळे धावतात. बबनरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "थांब बे, कोपरा व्हायचाय." मुकादम थांबला, शिवाय खाली उतरून बघायलाही आला.

शेवटचा कोपरा मिटण्याआधी तुळजाबाईंनी भाकरीचा चिमूटभर घास आत ठेवला आणि मग टाका घातला. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असं त्या मानतात. त्या खाली उतरणार तेवढ्यात रोहिणी बाळाला घेऊन जीपपाशी आली. तुळजाबाईंनी मान वळवली आणि मी माझं भिंग त्या इवल्या चेहऱ्यावर धरलं. तीन महिने ज्या नातीला त्यांनी कडेकडेनं पाहिलं होतं, ती आता नाकडोळ्यांसकट दिसली.

"हिच्या हनुवटीवर तीळ हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "कावून सांगितलं न्हाई मला कुनी?"

"तूच बघशील म्हनून, आई," रोहिणी म्हणाली.

माझ्या आत पाणी आलं. मला पाण्यापासून जपावं, असं माझ्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी ते मनावर घेतलं नाही.

ट्रक गेला. बाळ माहेरच्या वाकळेत गाढ झोपलेलं सगळ्यांनी पाहिलं. आता मी तुळजाबाईंकडेच असतो. पुढच्या वर्षीच्या सात वाकळा आताच शिवायला अंगावर घेतल्यात त्यांनी. एवढा महागाचा चष्मा घ्यावा का, असं अजूनही लोक बबनरावांना विचारतात. माझ्यापेक्षा हलक्या, स्वस्त बहिणी पुढं येतीलच. पण बबनरावांचं उत्तर ठरलेलं असतं, "ज्याला दिसतं, त्यानं घिऊ नये."

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या फळीवर माझ्यासारखं कुणीतरी गुंडाळून ठेवलेलं असेल. त्याला खाली काढा आणि ते कुणाच्या उपयोगाचं आहे ते शोधा. पूजा जरूर करा, फक्त डोळे सोडून कुंकू लावा.

आणि एक राहिलंच. उरलेल्या ठिगळांची तुळजाबाईंनी मला खोळ शिवली आहे. त्यात वनमालाबाईंची साडी आहे, बबनरावांचा जुना सदरा आहे आणि आश्रुबांची एक टोपीसुद्धा आहे, जी त्यांनी आपल्या हातानं काढून दिली. खोळीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास आहे. कधीकधी त्याला मुंग्या लागतात. लागू देत, तो माझ्या वाटणीचा घास आहे.