शकुनची चेष्टा

मी साताऱ्याची. भावजय गेली म्हणून धाकट्या भावाचं घर सांभाळायला कलकत्त्यात आले, त्याला आठ महिने झाले. श्यामकांत बँकेच्या कामाने महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. मागे डमडमच्या दोन खोल्यांत मी आणि त्याची सोळा वर्षांची शकुन. पोरगी जन्मली इथेच. बंगाली फाडफाड बोलते, मराठी मात्र चाचपडत.

ती अकरावीत आहे. पण एका शाळेने भागतंय कुठे? बागबाजारकडच्या एका कॉलेजात शाळेतल्या निवडक मुलींना पहिल्या वर्षाचे दोन विषय आत्ताच शिकवतात. पास झाल्या तर ते मार्क शाळेतही धरतात आणि पुढे कॉलेजातही. एका दगडात दोन पक्षी, असं श्यामकांत म्हणतो. त्याला म्हणायला काय जातंय! साडेपाचला तिला उठवते मी. शाळा, मग कॉलेज, मग बस मिळेल तेव्हा घर. एकाहत्तर साल हे, शहर धुमसतंय, कुठे बॉम्ब फुटला की बस बंद. मग ही चालत येते आणि मी फाटकाशी उभी. आली की ताटावरच डुलक्या काढते. खरं सांगते, मला या सगळ्याचा वीट आला होता.

मंगळवारी सकाळी कॉलेजातून निरोप आला, घरच्या कोणीतरी येऊन भेटावं. श्यामकांत पाटण्याला, म्हणून मीच गेले. तिला शिकवणारे सर वयस्कर होते. त्यांना हिंदी जेमतेम, मला बंगाली बाजारापुरती. ते सावकाश म्हणाले, "शकुन खूब चेष्टा कोरे." मग मान हलवून पुन्हा, "शारा दिन चेष्टा कोरे."

माझी कानशिलं तापली. मास्तरांची चेष्टा, आणि तीही दिवसभर! आईविना पोर, वळण नाही म्हणतील, असंही मनात आलं. मी हात जोडले आणि येत होतं तेवढ्या बंगालीत सांगितलं, "आर कोरबे ना." आता नाही करणार.

"कोरबे ना?" त्यांनी विचारलं.

"कोखोनो ना." कधीच नाही.

 सरांनी हजेरीपट उघडून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माफी लिहून घेतली.

त्या दिवशी शकुन चारलाच घरी आली. मी तिला दारातच धरलं. "सरांकडे चेष्टा करतेस?"

"करते ना आत्या. रोज करते."

"वर तोंड करून सांगतेस?"

"वर्गात सगळ्यांत जास्त मीच करते."

मी थोबाडीत दिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ती रडली नाही. म्हणाली, "आज माझं नाव पुकारलंच नाही. सर म्हणाले, तुझी आत्या सांगून गेली, तू आता चेष्टा करणार नाहीस. म्हणून नाव खोडलं. तू असं का सांगितलंस?"

"चेष्टा करणं चांगलं का मग?"

तिला मराठी शब्द सापडेना. शेवटी माझ्या शिवणाकडे बोट करून म्हणाली, "तू सुईत दोरा घालतेस, जात नाही, परत घालतेस. ते."

"प्रयत्न," मी म्हटलं.

"हां, ते." तिने दप्तर खाली ठेवलं. "राहू दे आत्या. मी पण दमले." आणि न जेवता आडवी झाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून वाईट म्हणजे, नाव खोडलं हे ऐकून आधी मला हायसं वाटलं होतं. सुटले एकदाची, असं.

सकाळी साडेपाचला तिला उठवायला गेले. तोंड उघडं टाकून झोपली होती. नाही उठवली. मीच कॉलेजला निघाले. बसने अर्ध्या वाटेवर बेलगाछियाला उतरवून दिलं, पुढे बंद. उरलेलं चालले. पोरगी हे रोज शाळा करून, दप्तर घेऊन कसं चालते, देव जाणे.

वाटेत घोकलेलं सरांसमोर म्हणून टाकलं. "भूल आमार. ओ चेष्टा कोरे. आमि कोरिनि." चूक माझी. ती करते. मीच केली नाही.

सरांनी हिंदी जाणणाऱ्या कारकून बाईंना बोलावलं, तेव्हा कालचं सगळं कळलं. पोरगी वर्गात बसल्या बसल्या झोपते, झेपेल त्याहून जास्त करते, घरच्यांनी तिला जरा जपावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आणि मी जाऊन थोबाडीत दिली. नाव त्यांनी पुन्हा लिहिलं, यादीत अगदी शेवटी.

घरी आले तर शकुन अंथरुणातच बसलेली. "नाव लागलं," मी म्हटलं. "आज झोप. उद्या जा."

तिने माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. "चालत आलीस? लांब आहे ना?"

"लांब आहे गं." मी तिच्या गालावरून हात फिरवला. "उद्यापासून बेलगाछियापर्यंत तुला घ्यायला येत जाईन."

"रोज? जमेल तुला?"

"चेष्टा करीन," मी म्हटलं.