मिस्त्रींच्या पोटातली नळी

मित्रांनो, मी आता तशी जुनीच म्हणायची. मी एक नळी आहे आणि माझा मुक्काम एका माणसाच्या पोटात, त्याच्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या आत आहे. नळी म्हटल्यावर तोंड वाकडे करू नका. बागेला पाणी घालतात ती माझी कोणी लागत नाही. माझे अंग पांढऱ्या दाट कापडाचे आहे आणि त्यावर नागमोडी तारेची कडी शिवलेली आहेत. वर एक धड, खाली दोन पाय, म्हणजे एखाद्या बाहुलीच्या विजारीसारखा माझा आकार. डॉक्टर मला स्टेंट ग्राफ्ट म्हणतात. तुम्ही नळीच म्हणा, मला राग नाही.

माझा जन्म एका लख्ख खोलीत झाला. तिथे धुळीला मज्जाव होता. बायका डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी आणि हातांत मोजे घालून ओळीने बसत आणि समोरच्या भिंगातून बघत काम करत. तुम्हाला वाटेल, मला यंत्राने शिवले असेल. छे! मला हाताने शिवले. माझी शिवणारी बाई चष्मेवाली होती आणि कामात भलतीच कडक. एक टाका घातला की चिमट्याने ओढून बघायची, मगच पुढचा घालायची. एकदा शेजारची कंटाळून म्हणाली, "अगं, किती बघशील? दिसतोय की नीट."

"दिसतोय," चष्मेवाली म्हणाली, "पण ही एकदा माणसाच्या आत गेली की मला तिथे जाऊन घट्ट करता येणार नाही." आणि तिने तो चांगला दिसणारा टाका उसवला आणि पुन्हा घातला. त्या वेळी मला तिचा जरा रागच आला होता. आता येत नाही.

माझ्या तारेची एक खोड आहे. गार केली की ती मऊ पडते, वाटेल तशी दाबून घ्यावी. पण अंगाला ऊब लागली की तिला आपला मूळ आकार आठवतो आणि ती ताठ उभी राहते. माझ्या वरच्या टोकाला बारीक आकडे आहेत. त्यांचे काम एकच, भिंतीला धरून राहायचे. मला गार करून, चिंचोळी दाबून एका बारीक नळकांड्यात भरले आणि एका मोठ्या दवाखान्याच्या कपाटात नेऊन ठेवले. तिथे मी वाट बघत पडून राहिले.

माझी गाठ पडली ती मिस्त्रींशी. मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ. सगळी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणते, म्हणून मीही म्हणते. मुतखडा आहे का ते बघायला गेले आणि भलतेच निघाले. त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. जुन्या सायकलची ट्यूब झिजली की एका बाजूला फुगा धरते ना, तशी. दुखत खुपत काही नव्हते. पण तो फुगा फुटला असता तर दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचता आले नसते.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी मांडीच्या सांध्यातून मला आत घातले आणि पडद्यावर बघत बघत वर सरकवले. "थोडी वर. अजून. बस!" असे स्वतःशीच बोलल्या आणि त्यांनी नळकांडे मागे ओढले. गरम रक्त अंगाला लागले मात्र, मी फुलून उभी राहिले. माझे आकडे रुतले. माझा दुसरा पाय वेगळ्या नळकांड्यातून, दुसऱ्या मांडीतून येऊन मला जोडला गेला. रक्त माझ्यातून धो धो वाहू लागले आणि बाहेरचा तो फुगा गप्प झाला. "छान बसली!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आयुष्यात एवढीच काय ती शाबासकी मला मिळाली, पण ती मी जपून ठेवली आहे.

घरी सोडताना त्यांनी मिस्त्रींना बजावले, "दर वर्षी स्कॅन करायला यायचं. जन्मभर. त्रास होत नसला तरी यायचं." मिस्त्रींनी मान डोलावली. ती हलल्याचे मला आतूनही कळले.

आता मिस्त्रींची कामाची रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. लिफ्टचे मशीन इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत असते. लोखंडी शिडीने तिथे चढायचे आणि चालत्या मशीनवर तळहात टेकवायचा, ही त्यांची पहिली तपासणी. मशीन ठणठणीत असेल तर ते हात लगेच उचलतात. शंका आली तर हात तिथेच राहतो. मग ते खाली येऊन दारावर एक पत्र्याची पाटी अडकवतात, 'तपासणी बाकी. वापरू नये.' आणि पाटी लागली की लागली! जो लावेल त्यानेच काढायची, तीही तपासणी झाल्यावर. एकदा त्यांनी खुद्द घरमालकाला नवा फ्रिज जिन्याने वर न्यायला लावला होता. घरमालकाचे नाकी नऊ आले, पण पाटी हलली नाही.

हाच माणूस माझ्या बाबतीत घसरला. माझ्या येण्याआधी पोटावर हात ठेवला की तिथली धडधड त्यांच्या तळहाताला लागे. मी आल्यावर ती थांबली. पहिली काही वर्षे ते मुकाट्याने स्कॅनला गेले. मग एक दिवस त्यांनी पोटावर हात टेकवला, लगेच उचलला आणि घरात जाहीर करून टाकले, "आवाज नाही, थरथर नाही. चालत्या मशीनचं झाकण कशाला उघडायचं?" असे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर त्यांनी त्याला फाडून खाल्ले असते. दवाखान्यातून फोन आला की हे म्हणत, "कामात आहे. पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना काही उजाडेना.

मित्रांनो, वयाबरोबर माणसाची कातडी सैल पडते, तशी रक्तवाहिनीही पडते. मी जिथे वरून धरले होते तिथली भिंत हळूहळू रुंदावली. एके दिवशी मिस्त्री जड पिशवी खांद्याला लावून शिडी चढत असताना मी गव्हाच्या दाण्याएवढी खाली सरकले. काही आकडे सुटले. त्या फटीतून रक्त माझ्या बाहेरून घुसले आणि फुगा पुन्हा भरू लागला.

मला ओरडता येत नाही. दुखवताही येत नाही. मला फक्त धरता येते. मग मी ठरवले की उरलेले आकडे सोडायचे नाहीत. मिस्त्री खोकले की मला हिसका बसे, ते शिडी चढले की दोन बसत. प्रत्येक वेळी मी त्या चष्मेवालीचे टाके आठवत अंग आवळून धरी. हा माणूस दवाखान्यात जाईपर्यंत मी जागची हलणार नाही, असे मी रोज स्वतःला सांगत असे. भीती वाटत नव्हती असे नाही. खूप वाटत होती.

शेवटी धडधड त्यांच्या हाताला लागली. मशीनच्या खोलीत एकटेच असताना त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मी म्हटले, चला, सुटलो! पण मिस्त्री पोटाकडे बघून काय बोलले म्हणता? "गप रे बाबा. एकदा डॉक्टरांनी टेबलावर झोपवलं की मला परत इथे चढू देणार नाहीत." आणि घरी येऊन त्यांनी ब्र काढला नाही.

घरात मिस्त्री आणि त्यांची सून अशी दोघेच. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रावर. सून टपाल कचेरीत काम करते. सुटीच्या दिवशी मिस्त्रींना हाताशी कोणी नसले की ती मशीनच्या खोलीत टॉर्च धरून उभी राहते. त्यामुळे त्यांचा तळहात ती चांगला ओळखते.

एका सकाळी मिस्त्री स्वयंपाकघरात उभे होते. त्यांचा हात पोटावर होता. मला त्याचे वजन जाणवत होते.

"बाबा, हात का ठेवलाय?" सुनेने विचारले.

"काही नाही. रात्रीचं जेवण पचलं का बघतोय."

"मशीन चांगलं असलं की तुम्ही हात लगेच उचलता."

मिस्त्रींनी हात झटक्यात काढला, पण उशीर झाला होता. त्यांचे हृदय असे धावू लागले की मला धरून राहणे मुश्कील झाले. ते घाईघाईने पिशवी घ्यायला गेले. तेवढ्यात घराच्या दारापाशी पत्र्याची खडखड झाली.

"हे काय?" मिस्त्री म्हणाले.

"वाचा की. तुमचीच पाटी आहे."

"मस्करी पुरे, सूनबाई. खाली लोक खोळंबलेत."

"घरमालकही खोळंबले होते."

"अगं, मी काय लिफ्ट आहे?"

"लिफ्ट असता तर इतकी वर्षं तपासणी चुकवू दिली असतीत?"

मित्रांनो, ती पाटी काढायला एक बोट पुरले असते. दाराला कुलूप नव्हते. पण उभ्या जन्मात या माणसाने तपासणी झाल्याशिवाय पाटी काढली नव्हती, आणि दुसऱ्याने लावलेली तर कधीच नाही. ते दारासमोर नुसते उभे राहिले. मग चपला काढून तिथल्या स्टुलावर बसले.

"मी सांगणारच होतो," ते म्हणाले.

"कधी?"

मिस्त्रींनी चपला पायाने स्टुलाखाली सारल्या. "भीती वाटते गं. शिडी बंद झाली तर मी करू काय दिवसभर?"

सुनेचा आवाज एकदम मऊ झाला. "शिडीचं मग बघू. पिशवी मी घेईन, टॉर्चही मीच धरीन. पण तुम्ही नसलात तर मी कोणासाठी धरू?"

त्याच दिवशी स्कॅन झाले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यासमोर उभे राहून सगळे नीट बघितले. मग म्हणाल्या, "मिस्त्री, वरून गळतंय. फुगा केवढा वाढलाय बघा. आणि ही बिचारी केवळ दोन-चार आकड्यांवर लोंबकळते आहे. अजून थोडे दिवस गेले असते तर आपली ही भेट झाली नसती." बिचारी म्हटलेले मला एरवी खपले नसते. त्या दिवशी मी ऐकून घेतले.

त्यांनी लगेच ठरवले. माझ्या वरच्या टोकात एक आखूड नळी बसवायची आणि बारीक मळसूत्री खिळ्यांनी ती भिंतीला पक्की करायची. मिस्त्रींनी टेबलावर झोपल्या झोपल्या विचारले, "स्क्रू मारणार? ढिले पडणारे नाहीत ना?"

"पडले तर मला दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दाखवायला आलात तर."

माझी धाकटी बहीण मी आले त्याच वाटेने वर आली आणि माझ्या खांद्यांत घट्ट बसली. एकेक खिळा फिरला. फट मिटली आणि रक्त पुन्हा मुकाट्याने आमच्या आतून वाहू लागले. इतके दिवस आवळून धरलेले अंग मी सैल सोडले. मला किती हायसे वाटले म्हणून सांगू!

मिस्त्री घरी परतले तेव्हा पाटी दारावर तशीच होती. सून औषधांची पिशवी घेऊन जिन्याने मागून येत होती. शेजारीण म्हणाली, "मिस्त्री, उभे का? सरकवा ती पाटी आणि जा आत."

"मी कसा काढीन? ज्याने लावली त्याने काढायची," मिस्त्री म्हणाले आणि कठड्याला धरून थांबून राहिले. हात सवयीने पोटाकडे गेला होता, तो त्यांनी वाटेतच मागे घेतला. सून वर आली, धापा टाकत हसली आणि तिने पाटी काढली.

शिडी बंद झाली नाही. बरे झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी चढायला परवानगी दिली, फक्त पिशवी जड नको म्हणाल्या. ती आता सून दोरीने वर ओढून घेते आणि मिस्त्री तिच्या गाठींना नावे ठेवतात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कोणाच्या छातीत, पोटात, गुडघ्यात माझ्यासारखे कोणी काम करत असेल तर त्या माणसांना विचारा, "तपासणी झाली का?" ते "कसला त्रास नाही" म्हणतील. तरी हाताला धरून घेऊन जा. आम्ही धरून ठेवतो, शेवटचा आकडा टिकेपर्यंत धरून ठेवतो, पण आम्हाला हाक मारता येत नाही.

आता दर वर्षी तपासणीची वेळ आली की मिस्त्री सकाळी स्वतःच आपल्या दारावर ती पाटी अडकवतात आणि दवाखान्यातून येईपर्यंत कुठल्याच लिफ्टकडे फिरकत नाहीत. पत्र्याची ती खडखड मला पोटात ऐकू येते. ती ऐकली की मी आणि माझी धाकटी बहीण ताठ उभ्या राहतो, कारण त्या दिवशी आम्हाला बघायला माणसे येणार असतात.