विषय ७.३ : बेसमेंट

१. सभा सुरू

मधल्या खुर्चीत महापौर, दोन्ही बाजूंना मिळून बारा नगरसेवक, खाली टेबलाशी सिटी क्लार्क. दुपारचे चार. बाहेर उणे अठरा.

मी यामिनी, कॉलेजचं दुसरं सेमिस्टर. प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत. माझ्या मागे दोन रांगा सोडून गुरुदत्तकाका. निवृत्त इंजिनियर, पंचेचाळीस वर्षं कॅनडात. त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही सहा मुली राहतो.

२. हितसंबंध जाहीर करणे

एक नगरसेवक उठून म्हणाला, "माझी भाड्याची दोन घरं आहेत. ७.३ वर मी बोलणार नाही, मतही देणार नाही." तो बाहेर गेला. दार हळूच लागलं.

मलाही उठून जावंसं वाटलं.

५. आलेली पत्रं

पत्राची चूक माझी. नोव्हेंबरमध्ये वर काकांच्या किचनमध्ये कढईतलं तेल पेटलं. धूर जिन्याने खाली आला. बेसमेंटला तेवढा एकच जिना. खिडकीतून माझं डोकंही बाहेर जाईना.

भाड्याच्या खोल्यांना लायसन्स आणि तपासणी लावणारा बायलॉ, म्हणजे शहराचा नियम, कौन्सिलपुढे येतोय, असं कॉलेजात कळलं होतं. मी पत्र लिहिलं. शाळेत शिकवलं तसं: उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव, घर नंबर, रस्ता, खाली 'बेसमेंट'. पत्त्याशिवाय अर्ज आपल्याकडे घेतो कोण? क्लार्कच्या ऑफिसचं लांबलचक उत्तर आलं. तुमचं पत्र आहे तसं जाहीर होईल, असं शेवटी लिहिलं होतं. मी तिथवर वाचलंच नाही. 'थँक यू सर' लिहून टाकलं.

शुक्रवारी अजेंडा वेबसाइटवर आला. पत्र पान एकशे बारावर.

शनिवारी काकांनी जिन्यातून हाक मारली. "यामिनी, छान लिहितेस गं. समासही सोडलायस." आणि पोह्यांची डिश हातात दिली.

ते ओरडले असते तर मला झोप लागली असती.

(६ लवकर संपतं.)

७.३

खोलीतल्या साक्षीचा मेसेज: *बोलणाऱ्यांच्या यादीतून नाव विथड्रॉ कर. काकांनी घराबाहेर काढलं तर सहा जणी या थंडीत कुठे जाणार?*

महापौरांना माझं नाव तिसऱ्या प्रयत्नात जमलं. बोलायला पाच मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतं.

४:५९

४:३१. मी अजून माइक खाली ओढतेय.

४:१२. "जिना एकच आहे," मी म्हणाले. "एकदा धूर आला, तेव्हा आम्हाला बाहेर पडता आलं नाही."

२:४०. संपलं.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकाबाईंनी विचारलं, "तिथे राहता किती जणी?"

भाडेकरारात तीन नावं आहेत. मागे खुर्ची करकरली.

"सहा."

क्लार्कनी ते टाइप केलं.

मग कोणीतरी ठराव मांडला: हा बायलॉ पालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे परत पाठवावा, नव्वद दिवसांत अहवाल मागवावा. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. हात वर. सात विरुद्ध पाच. मंजूर.

मला वाटलं होतं, आज हो होईल किंवा नाही होईल. हे तिसरं काही असतं हे मला माहीत नव्हतं. बायलॉ नाही, म्हणजे त्याचा इन्स्पेक्टर नाही. माझं नाव मात्र आहे, पत्ता आहे आणि सहा आहे.

"पुढचा विषय," महापौर म्हणाले.

बाहेर

लॉबीत काका कोट घालून उभे.

"बस चाळीस मिनिटांनी आहे. चल, एकाच घरी तर जायचंय."

"नको काका, मी..."

"वेडी की काय? गोठशील."

गाडीत त्यांनी हीटर लावला, गियर टाकला नाही. दारं आपोआप लॉक झाली.

"सहा म्हणालीस."

"हो."

"रेकॉर्डवर."

"हो काका."

"मी इथे बऱ्याच मीटिंगांना बसलोय." त्यांनी काचेवरची वाफ हातमोज्याने पुसली. "नव्वदाचे दीडशे होतात. तोवर आपण घरातल्या घरात बोलू. तुला इथे कायमचं राहायला पीआर मिळायचाय, माझं घर आहे. काय?"

गाडी निघाली.

मी साक्षीला लिहिलं: *जिन्यावर बूट ठेवू नका. कोणीच. पळायला तेवढीच वाट आहे. आत्ता उचला.*