दहा मिनिटांत एक कप

शहादेव पुण्यात सहा वर्षं काय करत होता, हे केजात कुणाला कधी नीट कळलं नाही. तो स्वतःला डिझायनर म्हणवी. लोकांना वाटे, पोरगं लग्नपत्रिका छापत असेल. खरं तर मोबाईलवरचं बटण निळं असावं की हिरवं, यावर सहा जणांनी तीन-तीन दिवस खल करायचा, असल्या एका कंपनीत तो होता. एक दिवस कंपनीला कळलं की बटण कुठल्याही रंगाचं असलं तरी लोक दाबतातच. मग शहादेव गावी आला आणि चहाच्या शौकिनांसाठी ॲप काढतो म्हणाला.

त्याच्या वडिलांनी, बंकटरावांनी, एरवी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्यांचं सगळं ध्यान सध्या एकाच गोष्टीत होतं. पंचायत समितीचं तिकीट! वीस वर्षं त्यांनी आप्पारावांच्या गटात सतरंज्या उचलल्या होत्या, हार आणले होते, साहेब शिंकले तरी मान डोलावली होती. यंदा साहेबांनी शब्द दिला होता.

"पन तरुन पोरं गोळा कर बंकट," साहेब म्हणाले होते. "कायतरी नवं काढ."

बंकटरावांनी घरात नजर टाकली, तर नवं म्हणावं असं शहादेवचं ॲपच तेवढं होतं. ठरलं मग. ॲपचं उद्घाटन आप्पारावांच्या हस्ते, आणि त्याच स्टेजवर तिकिटाची घोषणा.

"माझ्या तिकिटाला तुजा मोबाईल आडवा येऊ देऊ नको बरं का," बंकटरावांनी पोराला बजावलं.

"अण्णा, अख्खा जिल्हा बघत राहील," शहादेव म्हणाला. एवढं एकच त्याच्या तोंडून खरं निघालं.

कामाला सुरुवात पुण्याच्या रीतीनं झाली, म्हणजे प्रश्नावलीनं. ती घेऊन तो एसटी स्टँडजवळच्या सुंदरबाईच्या हॉटेलात गेला. सुंदरबाई तीस वर्षं चहा उकळतेय, आणि उकळताना कुणाचं ऐकत नाही.

"मावशी, तुमच्या चहाचा सुगंध एका शब्दात सांगा."

"चहासारका."

शहादेवनं ते लिहून घेतलं. मग पडद्यावरचं चित्र दाखवलं. कप, कपातून वाफ, आणि वाफेत आप्पारावांचा हसरा फोटो.

"बशी कुटंय?" सुंदरबाईनं विचारलं. "आन् सायबाला कावून शिजायला घातलं?"

शहादेवनं चित्रात बशी घालायचं कबूल केलं. खरी अडचण मात्र पुढंच होती. चहा प्यायल्यावर माणसानं ॲपमध्ये नोंद करायची, पाच चांदण्यांपैकी किती ते द्यायच्या, चार ओळी लिहायच्या, असा त्याचा बेत. कच्चं ॲप वाटून पंधरा दिवस झाले होते, एकानंही नोंद केली नव्हती.

"माणूस चहा पितानी मोबाईल कावून काढील?" सुंदरबाई म्हणाली. "आपल्याकडं कुणाच्या दारात धा मिनटं बसलं की चहा येतोच. नको म्हनलं तरी येतो. त्यात लिवायचं काय?"

शहादेव ताडकन उठला. दहा मिनिटं! मोबाईल एका जागी दहा मिनिटं थांबला की एक कप, आपोआप. जागेचं नाव नकाशातून उचलायचं. कुणी काही लिहायलाच नको! पुण्यात असली कल्पना कुणाला सुचली असती तर त्याला केबिन मिळाली असती.

"पन हितं चहा मोजीत न्हाईत बाबा," सुंदरबाई मागून म्हणाली. "कुणाच्या दारचा पिला, ते बघत्यात."

"व्वा मावशी!" शहादेव म्हणाला, आणि तेच वाक्य त्यानं ॲपवर मोठ्या अक्षरात टाकलं. 'कुणाच्या दारचा प्यालात?'

आता याला काय म्हणावं? केजात वाढलेलं पोर हे! आप्पारावांचा माणूस विरोधी गटाच्या आदिनाथरावांच्या दारचा चहा पीत नाही, हे इथं दूधपित्या लेकरालाही ठाऊक. आप्पारावांची जीप चालवणाऱ्या लखनचंच बघा. त्याची बहीण मनकर्णा आदिनाथरावांच्या गटातल्या घरात दिलेली. गटांचं फाटलं त्या दिवशी लखननं तिच्या घरचा चहा सोडला. सात वर्षं झाली. भाऊबीजेला जायचा, उंबऱ्याबाहेर ओवाळून घ्यायचा, अन् परत. साहेब चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारत, "ह्याला म्हनत्यात निष्ठा!" शहादेवनं हे सगळं पाहिलं होतं. पण पुण्यात तो 'वापरकर्ता' शिकून आला होता, शेजारी विसरून.

उद्घाटनाला पहिले शंभर चहाबाज हवेत म्हणून बंकटरावांनी गटातल्या झाडून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ॲप घालून घेतलं. स्वतःच्याही, साहेबांच्याही. ॲप परवानगी मागे आणि माणसं न वाचता 'होय' दाबत. महिनाभर शंभर मोबाईल खिशात बसून कप मोजत राहिले.

उद्घाटनाच्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. बंकटरावांनी नवा फेटा बांधला होता. शहादेवची आई कौशल्याबाई बायकांच्या पहिल्या रांगेत. शहादेवनं दहा मिनिटांचं गुपित सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि साहेबांच्या हातून बटण दाबून घेतलं. निळं बटण. मागच्या मोठ्या पडद्यावर महिन्याचे मानकरी झळकले.

पहिला क्रमांक, बंकटराव. टाळ्या, शिट्ट्या! मग त्याखाली, घरचे सोडून, कपाकपाचा हिशेब उलगडला. सुंदरबाईचं हॉटेल, चाळीस कप. तहसील, बावीस. पाली, आदिनाथरावांचा मळा, एकोणीस.

टाळ्या मध्येच विझल्या. बीडजवळच्या पालीचा मळा इथून पन्नास-साठ किलोमीटर. बंकटराव 'बीडला कचेरीत काम हाय' म्हणून जात, ते हे काम. इकडचं तिकीट हुकलं तर तिकडचं असावं, म्हणून त्यांनी दोन्हीकडं बशी मांडून ठेवली होती. मळ्याचं नाव आदिनाथरावांनीच हौसेनं नकाशावर चढवलेलं.

"बंद कर बे!" बंकटराव ओरडले. शहादेवनं घाईत भलतंच दाबलं आणि दुसरा क्रमांक आला.

आप्पाराव. पाली, आदिनाथरावांचा मळा, सव्वीस कप.

सगळ्यांच्या माना साहेबांकडं वळल्या. आप्पाराव मात्र पंचवीस वर्षं राजकारणात उगाच नव्हते. ते सावकाश उठले, माईक घेतला, डोळे पुसले.

"मित्रहो, हे मी आजच सांगनार होतो. तालुक्याच्या भल्यासाठी आदिनाथरावांचं आन् आमचं मनोमिलन झालंय! ह्या सव्वीस कपांत तुमचं भविष्य उकळत होतं. आन् ह्या एकीची खूण म्हनून पंचायत समितीचं तिकीट आपन देतोय आदिनाथरावांच्या सूनबाई धनश्रीताईंना!"

टाळ्या वाजवायला पहिला हात सवयीनं बंकटरावांचाच उठला. मग काय ऐकलं ते डोक्यात शिरलं, आणि हात तसेच जोडलेले राहिले.

शेवटच्या रांगेतून लखन पुढं आला. त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"सायेब, मी सात वरसं बहिनीच्या घरचा चहा पिलो न्हाई," तो म्हणाला. "पालीला तुमी मला गाडीत बसवून ठिवायचात आन् आत जायचात. म्हनायचात, डॉक्टरचं घर हाय."

आप्पारावांना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. लखननं जीपची चावी स्टेजच्या कडेला ठेवली आणि तो बहिणीच्या गावाच्या रस्त्याला लागला. हॉलमधल्या शंभर माणसांपैकी त्याला हाक मारायची एकाचीही छाती झाली नाही.

दुपारी घरी बंकटराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. फेटा कोपऱ्यात. शहादेव खुर्चीत बसला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि घसाही कोरडा पडला होता. वडिलांचं आयुष्यभराचं स्वप्न आपण बटण दाबून घालवलं, हे त्याला कळत होतं. खिशातला मोबाईल दर दहा मिनिटांनी थरथरे.

तासाभरानं त्यानं हळूच स्वयंपाकघरात हाक दिली, "माय, घोटभर चहा दे की."

कौशल्याबाई दारात आल्या. त्यांनी त्याच्या खिशातला मोबाईल काढून पाहिला. 'आज दुपारी, घर, सहा कप.'

"सहा झाल्यात की बाबा," त्या म्हणाल्या, आणि चूल झाकून मागल्या दारी निघून गेल्या.