जिलानीचाचांनी सुधारलेला घुमट

"एक जरी तुकडा चुकीच्या जागी बसला, तर मी आर्किटेक्टची पाटी उतरवतो आन आयुष्यभर अब्बांच्या दुकानात टाइल्स विकतो," असं यासेरनं देवणीच्या पशुप्रदर्शन कमिटीसमोर छाती ठोकून सांगितलं.

पाटी अजून लागलेलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी. नांदेडला अब्बांनी, म्हणजे मुज्तबासेठनी, त्याला सहा महिने दिले होते. "एक काम उभं करून दाखव. न्हाई तर गुपचूप गल्ल्यावर बस." पाच महिने तेवीस दिवस झाले होते आणि हे पहिलंच काम. पहिल्या नंबरच्या वळूला उभं करायला बारा फुटी लोखंडी घुमट. उद्घाटन शनिवारी अकराला, अब्बा स्वतः येणार.

लॅपटॉपवर घुमट लई देखणा होता. यासेर समजावून सांगत होता, "काका, ह्याला व्होरोनॉय म्हणतात. घुमटावर बिया फेकल्यासारखे ठिपके टाकायचे. ज्या ठिपक्याला जी जागा जवळ, ती त्याची. आटलेल्या तळ्यात भेगा पडतात ना, तशी घरं होतात."

"म्हंजे भेगाळलेला घुमट?" अध्यक्ष भुजंगराव म्हणाले. "आन तोबी नवाकोरा?"

यासेरनं एक आकडा सरकवला. घुमट फुगला, साडेतीनशे घरं आपोआप बदलली. मग भुजंगरावांनी माउस ताब्यात घेतला तो सोडेनात. "जरा पोट वाढवा. वळू हाय आमचा, कोंबडी न्हाई." ते फुगवायचे, सगळ्या तुकड्यांची मापं बदलायची. बाराव्या वेळेला यासेरनं हळूच झाकण बंद केलं.

घरांच्या कडांना लागणारे लोखंडी सळ्यांचे तुकडे एकूण अकराशे चाळीस. कुणाचं माप कुणाशी जुळत नव्हतं. एक एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर, त्याचा शेजारी एकशे त्रेसष्ट. फक्त दाराचे तुकडे लांब. नांदेडच्या जिलानीचाचांच्या वर्कशॉपात माल कापला जात होता, तेव्हा यासेर चार दिवस तिथं मांडी घालून बसला आणि प्रत्येक तुकड्यावर मार्करनं नंबर घातला.

गुरुवारी टेम्पो देवणीत उतरला. तुकडे लालभडक. नंबर एकावरबी नाही.

यासेरनं फोन लावला. "चाचा, नंबर कुठं गेले?"

"बेटा, कुणीतरी खरडून ठेवलं होतं सगळ्यावर," चाचा म्हणाले. "पोरांना बसवून पॉलिश पेपरनं घासून काढलं, वर रेड ऑक्साइडचा हात दिला. तीस वर्षं झाली, जिलानीचा माल दुकानातून नागडा निघत न्हाई."

यासेरनं फोन ठेवला. पण मग त्याला आठवलं, की माप तर प्रत्येकाचं वेगळं आहे! मोजलं की नंबर सापडणार. त्यानं टेप काढला. पहिला तुकडा सहा इंच. दुसरा सहा इंच. तिसरा, चौथा, विसावा, सगळे सहा इंच. त्यानं परत फोन लावला.

"हाव, ते सांगायचंच राहिलं," चाचा खुशीत म्हणाले. "तुझ्या कागदात लई घोळ होता. एक बी माप दुसऱ्याला जुळंना. म्हणलं, लेकरू नवीन हाय, शिकून राहिलंय, लाज जाईल. सगळं परत कापून एकसारखं केलं. कुणाला सांगू नको, आपल्यातच राहू दे."

यासेरच्या तोंडून "शुक्रिया, चाचा" एवढंच निघालं.

आता वेल्डर शिवलिंग पुढं आला. गोठ्यांची शेडं उभी करण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. "साहेब, कागद ठेवा बाजूला. वाकवून, ठोकून, नजरेनं बसवतो." त्यानं घुमटाचे पाय काँक्रीटमध्ये रोवले आणि तो भिडला. यासेर मधोमध खुर्ची टाकून बसला आणि सहा इंचांतून घुमट कसा होईल ते लॅपटॉपला विचारत राहिला. लॅपटॉप गरम व्हायचा, घोंघावायचा आणि उत्तर नाही म्हणायचा. शुक्रवारभर हेच. शनिवारी सकाळी परत तेच. भोवती ठिणग्या उडत होत्या, यासेरची मान खाली.

दहा वाजता शिवलिंगचा आवाज आला, "झालं साहेब! खाली एक मोठं भोक राहिलं होतं, तेबी बुजवून टाकलं. उरलेले तुकडे कामी आले."

यासेरनं मान वर केली. घुमट उभा होता. जरा उदगीरच्या बाजूला झुकलेला, पण उभा. त्याला भरूनच आलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की शिवलिंग बाहेर आहे.

"शिवलिंग, ते भोक न्हवतं. दार होतं."

"मग तुम्ही आत कशाला बसला?"

एका घरातून यासेरचं डोकं जेमतेम जायचं, खांदे नाही. "ग्राइंडर आण!" तो ओरडला. शिवलिंगनं ग्राइंडर लावला आणि लाइट गेली. मंडपातल्या जनरेटरवर माइक आणि पाहुण्यांचा पंखा, एवढंच चालत होतं.

अकरा वाजता भुजंगराव फेट्यात आले. वळू बाहेर, आर्किटेक्ट आत, हे बघून त्यांनी फेटा सारखा केला. मग माइकवर म्हणाले, "ज्यांनी हे उभं केलं, ते स्वतः आतून माहिती देतील." टाळ्या पडल्या. वळूला लिंबाखाली बांधलं. लोक घुमटाभोवती फिरून यासेरचे फोटो काढू लागले. एका म्हातारीनं त्याला केळ दिलं.

गर्दीतून मुज्तबासेठ आले. त्यांनी घुमट खालून वर पाहिला, मग पोराला पाहिलं.

"अब्बा, काम उभं हाय," यासेर म्हणाला.

"दिसून राहिलंय," अब्बा म्हणाले. त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि एका घरातून आत दिली.

साडेचारला लाइट आली. पहिल्याच तुकड्यावर ग्राइंडरचं चाक तुटलं.