घर क्रमांक बारा

आपल्या घराच्या स्वच्छतेची चेतनाला इतकी खात्री होती, की पाणी तपासायच्या बाटल्यांपैकी एक तिनं नमुन्याचं स्वच्छ घर म्हणून स्वतःच्याच घरासाठी राखून ठेवली. ती नाशिकला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. जागतिक आरोग्य या विषयावर विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे करायच्या संशोधनासाठी तिची निवड झाली होती, आणि आपल्या रनाळे गावातली वीस घरं कसलं पाणी पितात, हे तिनं शोधायला घेतलं होतं. बाटलीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं, तर त्यात विष्ठेचे जंतू आहेत असं समजायचं.

अहवालात घरांना नावं नव्हती, क्रमांक होते. तुमचं नाव कुठंही येणार नाही, असं ती प्रत्येक दारात सांगायची आणि सही किंवा अंगठा घ्यायची. वत्सलाबाईनंही अंगठा दिला. ही भिल्ल बाई अकरा वर्षं चेतनाच्या घरचा गोठा झाडत होती, पण तिला पाणी मिळायचं ते गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या पेल्यात, वरून धार धरून. लहानपणापासून हे बघणाऱ्या चेतनाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वत्सलाबाईच्या झोपडीत माठाशेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं होतं. माठात कुणी हात घालायचा नाही, असा तिचा दंडक होता.

तिसऱ्या दिवशी चेतनानं बाटल्या पाहिल्या. सहा काळ्या पडल्या होत्या. वत्सलाबाईची स्वच्छ होती. बारा नंबरची डांबरासारखी काळीकुट्ट. बारा नंबर म्हणजे हिलाल अप्पा पाटलांचं, तिच्या वडलांचं घर.

ती बाटली आईला दाखवायचा मूर्खपणा तिनं केला. निर्मलाबाईंनी बाटली दोन बोटांत धरली, नाक मुरडलं आणि क्षणाचाही विचार केला नाही. परवा त्या लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा वत्सलाबाई मागच्या ओसरीत गहू निवडत बसली होती, आणि माठ तिथंच होता.

"तिनाच हात लागना व्हई माठले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वत्सलाबाईला गोठ्यातून बोलावलं आणि भर अंगणात त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. शेजारच्या बायका जमल्या. कोनाड्यातला पेला उकिरड्यावर गेला आणि अकरा वर्षांचं काम पाच मिनिटांत संपलं. वत्सलाबाई रडली-भेकली नाही. पदर सावरून तिनं चेतनाला स्वतःच्या झोपडीतल्या पाण्याबद्दल एवढंच विचारलं, "मन्ही बाटली कशी व्हयनी?"

चेतनानं आईकडं पाहिलं आणि ती घरात निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की वत्सलाबाईनं पाटलाचं पाणी बाटवलं.

निर्मलाबाईंनी माठ घासला, उन्हात वाळवला, पुन्हा भरला. चेतनानं उरलेल्या बाटल्या काढल्या आणि नळाचं, फिल्टरचं आणि माठाचं पाणी वेगवेगळं भरलं. दोन दिवसांनी पहिल्या दोन बाटल्या स्वच्छ निघाल्या. माठाची पुन्हा काळी, आणि आता तर वत्सलाबाई घरात पाऊलही टाकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतना पुस्तक घेऊन मागच्या ओसरीत बसली. अप्पा संडासातून आले. पायरीवरचा साबण कोरडाठाक होता, त्याला भेगा पडल्या होत्या. अप्पांनी हात पायजम्याला पुसले, तांब्यासकट हात मनगटापर्यंत माठात बुडवला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. एकवीस वर्षं चेतना हेच पाणी पीत आली होती.

तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तीन बाटल्या, साबण, तांब्या. वत्सलाबाईला परत बोलवा, आईनं चारचौघांत तिची माफी मागावी, हेही सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. अप्पा रागावले असते तरी चाललं असतं. ते हसले.

"मंग काय व्हयनं? आपलाच हात शे ना तो," ते म्हणाले, आणि तोच तांब्या पुन्हा बुडवून त्यांनी तिच्यापुढं धरला.

तिनं तो मोरीत उपडा केला. आई म्हणाली की घरातलं घरातच राहू दे, उद्यापासून नवी बाई येणार आहे, आणि तिला माठाजवळ फिरकू द्यायचं नाही.

चेतना तडक खोलीत जाऊन अहवाल लिहायला बसली. पाणी दूषित होण्याचं कारण, या रकान्यात तिनं लिहिलं, 'घरमालकाचा न धुतलेला हात'. शेजारच्या रकान्यात तिनं वडलांचं नाव आडनावासकट लिहिलं. लिहून झालं, आणि त्याच ओसरीत अप्पांची सही घेताना आपण काय कबूल केलं होतं, ते तिला आठवलं. तिनं नाव खोडलं आणि तिथं बारा लिहिलं. खोडताना तिला स्वतःचीच किळस आली.

तोच शब्द तिनं वत्सलाबाईलाही दिला होता. तिचं नाव अहवालात कुठंच नव्हतं, आणि रनाळ्यात मात्र पाणी बाटवणारी म्हणून ते आता शेंबड्या पोरालाही माहीत होतं.